चहाचा गुलाब : त्याची ओळख, जोपासना आणि छाटणींतील एक चूक

गुलाबाच्या लागवडीविषयीं लिहिलेलें पुष्कळ आढळतें. परंतु तें बहुतेक बाजारांत जाणाऱ्या, लांब दांड्याच्या फुलांविषयीं असतें. मळ्यांतील विहिरीच्या थारोळ्याजवळ अगर घराच्या पडवीपुढें एखादें झाड हौसेनें लावावें, त्यानें वर्षाचा बराच काळ फुलें द्यावीं आणि तें नातवंडांच्या काळापर्यंत टिकावें, अशी इच्छा धरणाऱ्या बागाईतदारास त्या लिखाणाचा उपयोग थोडा होतो. कधीं कधीं तर अपायच होतो. तसा अपाय आमच्या हातून एका चांगल्या झाडास झाला. तो इतरांच्या हातून होऊं नये म्हणून, आम्ही शेतकीशास्त्राचे पंडित नसतांही, हा लेख लिहिण्याचें धाडस करीत आहों.

आमची सारी नोकरी महसूल खात्यांत कारकुनीची. सुमारें वीस वर्षांपूर्वीं बदलीनिमित्त एका तालुक्याच्या गांवीं असतां तेथील जुन्या विश्रामगृहाच्या आवारांत एक गुलाब आमच्या दृष्टीस पडला. झाड पुरुषभर उंच व जवळजवळ तितकेंच ऐसपैस. कोवळी पालवी जांभळट तांबडी. कळ्या लांब व टोकदार. आणि फूल उमललें म्हणजे पिकल्या जर्दाळूच्या रंगाचें. देंठ नाजूक असल्यामुळें प्रत्येक फूल खालीं मान घालून असे. वास आपल्या देशी गुलाबाच्या वासासारखा गोड नव्हे. चहाचा नवा पुडा फोडतांना येतो तसा कांहींसा. तेथील वृद्ध माळी त्यास 'चहाचा गुलाब' म्हणे. आम्हीं काडी मागितली तेव्हां त्यानें चार काड्या दिल्या आणि बजावलें, "भाऊसाहेब, न्या, पण ह्याला कोयता दाखवूं नका." त्या वेळीं हें बोलणें आम्हांस म्हाताऱ्या माणसाच्या मायेचें वाटलें. त्यांत किती अनुभव सांठलेला होता हें समजण्यास आम्हांस बरींच वर्षें लागलीं. पुढें छापील वर्णनें ताडून पाहतां तो 'लेडी हिलिंग्डन' नांवाचा गुलाब असावा अशी आमची समजूत झाली.

कुळाची हकीकत :— जमिनीचा तंटा तोडतांना आधीं मूळ कागद पाहावा लागतो. तसेंच झाडाचेंही आहे. त्याचें कूळ कळलें म्हणजे त्यास काय मानवतें तें आपोआप कळतें. युरोपांतील जुने गुलाब बहुधा उन्हाळ्याच्या आरंभीं एकदांच फुलत. अठराव्या शतकाच्या अखेरीस चीनमधील बागांतले बारमाही गुलाब तिकडे जाऊं लागले. हे गुलाब कलकत्त्याच्या बागांतही आलेले असल्यामुळें फ्रेंच लोक त्यांस 'बंगालचा गुलाब' म्हणत. वस्तुतः ते चीनचे. पुढें १८०९ सालीं चीनमधील कँटन येथून 'ह्यूम्स ब्लश' नांवाचा फिकट गुलाबी आणि १८२४ सालीं 'पार्क्स यलो' नांवाचा पिवळसर गुलाब इंग्लंडांत पोंचला. ह्या दोहोंस चहासारखा वास होता म्हणून त्यांच्या वंशास 'टी रोझ', म्हणजे चहाचा गुलाब, हें नांव पडलें. चहाच्या गलबतांतून आला म्हणून हें नांव, असेंही कोणी सांगतात. त्यानंतर मुख्यतः फ्रान्समधील बागवानांनीं त्यांपासून शेंकडों जाती निर्माण केल्या. 'सफ्रानो' १८३९ सालचा, 'दुशेस द ब्राबां' १८५७ सालचा, 'मामां कोशे' १८९३ सालचा; आणि वर सांगितलेला 'लेडी हिलिंग्डन' हा १९१० सालीं इंग्लंडांत बाहेर पडला.

चीनच्या बागांतील ह्या मूळ गुलाबांचे पूर्वज दोन. एक चिनी गुलाब, रोझा चायनेन्सिस. आणि दुसरा रोझा जायगँटिया हा रानांतील प्रचंड वेल. हा वेल मोठमोठ्या वृक्षांवर चढतो व त्यास तळहाताएवढीं पांढुरकीं फुलें येतात. तो चीनच्या युन्नान प्रांतांत व ब्रह्मदेशांत होतो; आणि विशेष सांगण्याजोगी गोष्ट ही कीं, तो आपल्या मणिपुरांतही होतो. १८८२ सालीं डॉ. जॉर्ज वॉट यांस तो तेथील डोंगरांत आढळला. म्हणजे चहाचा गुलाब हा जरी युरोपांतून नांव घेऊन आला, तरी त्याचें एक आजोळ हिंदुस्थानच्या सरहद्दीच्या आंत आहे.

ह्या दोन पूर्वजांकडून झाडास दोन निरनिराळ्या देणग्या मिळाल्या. पुन्हा पुन्हा फुलण्याचा गुण चिनी गुलाबाचा. रानगुलाबांत, एकदां फुलून गेल्यावर पुन्हा फुलूं न देणारें एक जनुक असतें. चिनी गुलाबांत त्या जनुकाच्या मध्येंच एक परका तुकडा शिरल्यामुळें तें निकामी झालें आहे, असें २०१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत दिसून आलें. चहासारखा वास, जाड चकचकीत पानें आणि थंडींतही पालवी न टाकण्याची संवय हीं मणिपुरी वेलाकडचीं. वासाचें मुख्य द्रव्य डायमिथॉक्सीटोल्युईन हें होय. अत्तराच्या देशी गुलाबांतील सुगंधी द्रव्यें निराळीं. म्हणून येथेंच सांगून ठेवतों कीं, गुलकंदासाठीं अगर अत्तरासाठीं हें झाड कोणीं लावूं नये; त्या कामीं देशी गुलाबच पाहिजे. फुलबाजारांतही त्याच्या वांकलेल्या मानेस भाव येणार नाहीं. हें झाड घरचें, देवाचें व दाराचें आहे.

मागें कां पडला :— असा गुलाब युरोपांत मागें पडण्याचें पहिलें कारण बर्फ. कडक गोठणाच्या थंडींत तो मरतो. त्यामुळें तिकडील लोकांस तो कांचेच्या घरांत ठेवावा लागे. म्हणून थंडी सोसणाऱ्या गुलाबांशीं त्याचा संकर करण्यांत आला. फ्रान्समधील ल्यों शहरच्या गियो यांनीं १८६७ सालीं 'ला फ्रान्स' हा गुलाब बाहेर काढला. त्यास 'हायब्रिड टी' वर्गांतील पहिला गुलाब मानतात. ह्या संकरित वर्गांत पुढें दांडा ताठ झाला, फूल मोठें झालें, रंग भडक झाले. प्रदर्शनें व बाजार त्यानेंच जिंकले. परंतु आपल्या देशावर बर्फ पडत नाहीं. ज्या कारणास्तव युरोपनें हें झाड सोडलें तें कारण आपणांस लागूच नाहीं. बर्म्युडा बेट, ऑस्ट्रेलिया व अमेरिकेचा दक्षिण भाग अशा उबदार मुलखांत चहाच्या गुलाबाचीं जुनीं झाडें घरांच्या अंगणांत व स्मशानभूमींत, कोणीं विशेष निगा न राखतांही, पिढ्यान् पिढ्या टिकलेलीं आहेत.

येथें नांवाचा एक घोटाळा ध्यानांत ठेवावा. रोपवाटिकेंत 'टी रोझ द्या' असें म्हटलें तर बहुधा 'हायब्रिड टी' हातीं येईल. ते वाईट नव्हेत. परंतु त्यांची रीत वेगळी आहे. जातीचें नांव विचारल्यावांचून रोप घेऊं नये.

छाटणी, व आमची चूक :— माळ्यानें दिलेल्या चार काड्यांपैकीं दोन जगल्या. एक आम्हीं आपल्या अंगणांत लावली व दुसरी धाकट्या बहिणीच्या मळ्यांत, विहिरीजवळ. आमचें झाड पहिलीं दोन वर्षें रुसल्यासारखें होतें. तिसऱ्या वर्षीं त्यानें जोर धरला आणि सातव्या वर्षीं तें खिडकीच्या वर गेलें. त्याच सुमारास गुलाबाच्या लागवडीचें एक पत्रक आमच्या हातीं आलें. त्यांत पावसाळा संपतांच मुळ्या उघड्या करून झाडास आठवडाभर ताण द्यावा व सर्व फांद्या दीड फुटावर छाटाव्या, असें लिहिलें होतें. पत्रकाचा दोष नाहीं. तें हायब्रिड टी गुलाबांसाठीं होतें. आम्हांस मात्र आयुष्यभर छापील परिपत्रकाप्रमाणें चालण्याची संवय. आक्टोबरच्या उन्हांत आम्हीं मुळ्या उघड्या केल्या आणि मनगटाएवढ्या जाड फांद्या करवतीनें कापल्या.

डोळे थोडे फुटले, परंतु कापाच्या तोंडापासून लांकूड काळें पडत खालीं उतरूं लागलें. ह्यास शेंडेमर म्हणतात. दुसऱ्या वर्षीं एकच फांदी उरली व तिसऱ्या उन्हाळ्यांत तीही वाळली. आम्ही काडी आणावयास त्या तालुक्याच्या गांवीं गेलों, तों आवारांत फरशी घातलेली, माळी दोन वर्षांपूर्वीं वारलेला, आणि गुलाबाच्या जागीं वाहनें उभीं करण्याची जागा झालेली. त्या दिवशीं मनास फार लागलें. एकाच माणसानें विश्वासानें दिलेली वस्तु आम्हीं स्वतःच्या हातानें नाहींशी केली, असें वाटलें.

परतीच्या वाटेवर बहिणीकडे उतरलों. तिच्या विहिरीजवळचें झाड सहा फुटांवर गेलेलें व कळ्यांनीं लवलेलें होतें. काय करतेस, असें विचारतां ती म्हणाली, "दादा, मी कांहींच करीत नाहीं. देवाला फुलें तोडतें आणि वाळलेली काडी दिसली तर काढतें." माळ्याच्या बोलण्याचा अर्थ आम्हांस तेव्हां कळला.

त्याचें कारण असें. हायब्रिड टी गुलाबास खालून नवी जोमदार फूट काढण्याची शक्ति असते. चहाचा गुलाब हा उबदार हवेंत बारा महिने हिरवा राहणारा झुडूपवजा वृक्ष आहे. त्याचें सांठविलेलें अन्न पानांत व जुन्या लांकडांत असतें, आणि नवीन फुटी त्याच सांगाड्यावर बारीक फांद्यांतून निघतात. सांगाडा तोडणें म्हणजे बळदच रिकामें करणें होय. शिवाय जाड फांदीच्या रुंद कापांतून बुरशीस आंत शिरण्यास वाट मिळते. म्हणून पुढील नियम पाळावे.

पहिलीं तीन वर्षें मेलेल्या काडीखेरीज कांहींही कापूं नये. पुढें पावसाळा उलटून ऊन थोडें निवळल्यावर, आक्टोबरअखेर, वाळलेल्या, रोगट व एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढाव्या आणि शेंडे वीतभर आंखडावे. कोणत्याही वर्षीं झाडाचा तिसऱ्या हिश्शापेक्षां अधिक भाग घेऊं नये. झाड फारच जुनें व दाट झालें असेल तर दरसाल एकच म्हातारी फांदी मुळाशीं काढावी. सुकलेलें फूल मात्र वरचेवर, त्याखालच्या पहिल्या पुऱ्या पानावर खुडावें. त्यानें पुढचा बहर लौकर येतो. कात्री धारदार असावी, काप बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या किंचित् वर तिरपा द्यावा, आणि बोटाहून जाड कापास बोर्डो मलम लावावें. शंभर ग्रॅम मोरचूद व शंभर ग्रॅम कळीचा चुना निरनिराळ्या पाण्यांत कालवून, एकंदर पाणी एक लिटर होईल अशा बेतानें एकत्र केलें म्हणजे हें मलम होतें. भांडें मातीचें अगर प्लास्टिकचें घ्यावें. लोखंडाचें घेऊं नये. मुळ्या उघड्या करून ताण देण्याची ह्या झाडास गरज नाहीं.

जमीन व लागण :— निचरा ही पहिली अट. भारी काळ्या जमिनींत पावसाळ्यांत पाणी तुंबतें व मुळ्या कुजतात. तेथें नऊ इंच उंचीचा ओटा करून त्यावर लागण करावी. मुरमाड तांबडी जमीन गाळाची माती घालून चांगली होते. जागा अशी निवडावी कीं, सकाळचें ऊन निदान सहा तास मिळेल व उन्हाळ्यांत दुपारनंतर थोडी सांवली येईल. वैशाखांत दोन फूट लांब, रुंद व खोल खड्डा घेऊन तो पंधरा-वीस दिवस तापूं द्यावा; नंतर गाळाची माती, चांगलें कुजलेलें शेणखत दोन-तीन घमेलीं व निंबोळी पेंड दोन ओंजळी मिसळून भरावा. पाऊस स्थिरावल्यावर, आषाढांत, लागण करावी. पाण्याची सोय असल्यास आश्विनांतही चालेल. झाड पसरणारें आहे, म्हणून दोन झाडांत सहा फूट अंतर ठेवावें. रोप कलमी असल्यास सांधा जमिनीच्या दोन इंच वर असावा. पहिल्या हंगामांत येणाऱ्या कळ्या मोहास बळी न पडतां खुडून टाकाव्या.

चुनखडीच्या जमिनींत अगर खाऱ्या पाण्यावर कोवळीं पानें पिवळीं पडून फक्त शिरा हिरव्या राहतात. हा रोग नव्हे. झाडास लोह मिळत नसल्याची ती खूण आहे. एक लिटर पाण्यांत पांच ग्रॅम हिराकस व एक ग्रॅम सायट्रिक आम्ल विरघळवून संध्याकाळीं पानांवर फवारावें, आणि शेणखत वाढवावें.

पाणी व खत :— थोडें थोडें रोज पाजण्यापेक्षां भरपूर पाजून मध्यें अंतर ठेवावें. वाढलेल्या झाडास हिंवाळ्यांत आठ दिवसांनीं व उन्हाळ्यांत तीन-चार दिवसांनीं पाणी पुरतें. ठिबक असल्यास उत्तमच. आळ्यांत उंसाच्या पाचटाचें अगर वाळल्या पाल्याचें आच्छादन घालावें. मात्र तें खोडास टेकूं देऊं नये. मृगाच्या आधीं, दिवाळीच्या सुमारास व माघांत अशा तीन वेळां एकेक घमेलें शेणखत द्यावें. वरचेवर रासायनिक नत्र दिल्यास फूट लुसलुशीत येते व तिच्यावर मावा येतो.

रोग व कीड :— पानांवर काळे ठिपके पडणें व भुरी येणें हे दोन रोग मुख्य. विसाव्या शतकाच्या आरंभानंतर निघालेल्या भडक पिवळ्या संकरित गुलाबांपेक्षां चहाच्या गुलाबास काळे ठिपके सामान्यतः कमी होतात. तरी पडलेलीं पानें वेंचून जाळावीं, पाणी पानांवर न घालतां बुडाशीं द्यावें, आणि झाडांत वारा खेळता ठेवावा. खोडावर तांबड्या खवल्यांची कीड दिसल्यास जुन्या दांत घासण्याच्या ब्रशानें साबणाच्या पाण्यानें घासून काढावी. ती वाढूं दिल्यास फांदी वाळते. मावा व फुलकिडे यांस पांच टक्के निंबोळी अर्क आठ-दहा दिवसांच्या अंतरानें फवारावा. पावसाळ्यांत दाट पाकळ्यांच्या कळ्या न उमलतां कुजतात. त्यांवर औषध नाहीं. खुडून टाकाव्या व दिवाळीच्या बहराची वाट पाहावी.

काडीपासून रोप :— ह्या झाडाची काडी शक्य तोंवर स्वतःच्याच मुळांवर वाढवावी. कलमी झाडाच्या सांध्याखालून खुंटाची फूट निघते. ती वेळेवर मुळापासून ओढून काढली नाहीं तर खुंट माजतो व वरचा गुलाब मरतो. 'आमच्या गुलाबानें रंग बदलला' अशी तक्रार आपण ऐकतों, तिचें मूळ बहुधा हेंच असतें. स्वमुळाच्या झाडाची कोणतीही फूट त्याच जातीची असते.

श्रावणांत अगर मार्गशीर्षांत, फूल नुकतेंच गळून गेलेली पेन्सिलीएवढी जाड फांदी घ्यावी. तिचा काटा बाजूस दाबतांच कट्कन् निघाला म्हणजे लांकूड योग्य तयार झालें असें समजावें. सहा ते आठ इंचांची, चार डोळ्यांची काडी करून खालचा काप डोळ्याच्या लगत खालीं द्यावा. वरचें एक पान ठेवून बाकीचीं काढावीं. मुळें फुटण्याची पूड मिळाली तर खालच्या टोंकास लावावी. अर्धी वाळू व अर्धें पालापाचोळ्याचें खत भरलेल्या कुंडींत दोन डोळे गाडून वरून प्लास्टिकची पिशवी झांकावी व कुंडी सांवलींत ठेवावी. सहा ते आठ आठवड्यांत मुळें धरतात. आमच्या दहापैकीं चार-पांच जगतात. तेवढ्यानें निराश होऊं नये.

शेवटीं एक विनंति. कचेरींतील आमच्या तीस-पस्तीस वर्षांच्या अनुभवांत असे किती तरी प्रसंग पाहिले कीं, मूळ कागद वाळवीनें खाल्ला, परंतु रीतसर नक्कल दुसऱ्याच्या दप्तरांत होती म्हणून हक्क वांचला. झाडाचेंही तसेंच आहे. जुन्या गुलाबाचें बीं पेरून तोच गुलाब होत नाहीं. काडी हीच त्याची नक्कल. विश्रामगृहांतील मूळ झाड गेलें, आमचें आम्हीं मारलें. बहिणीच्या विहिरीजवळची नक्कल उरली नसती तर तो गुलाब आम्हांपुरता संपला असता. आज तिच्या झाडापासून केलेलीं सहा रोपें सहा गांवांतील सहा घरीं आहेत, आणि प्रत्येकास आम्हीं एकच अट घातली आहे कीं, झाड तीन वर्षांचें झालें म्हणजे त्यानें आणखी दोन घरीं काडी द्यावी.

आपल्या गांवांतील जुन्या वाड्यांच्या चौकांत, देवळांच्या आवारांत, बंगल्यांच्या कुंपणाशीं असा मान घातलेला एखादा गुलाब अजून उभा असेल. आवारांत फरशी घालण्याचे बेत चालले असतील तर विलंब करूं नये. धन्याची परवानगी घ्यावी, चार काड्या आणाव्या, ठिकाण व तारीख वहींत लिहून ठेवावी. आणि जगलेल्या रोपांपैकीं एक तरी, आपलें झाड पुरतें वाढण्याची वाट न पाहतां, शेजाऱ्यास द्यावें.